बंदूक, शिकार आणि परवाना : बेरड-रामोशी समाजाच्या इतिहासातील एक प्रकरण

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीस, आपल्या समाजातील अनेक घरी शस्त्रपूजन होते. देव्हाऱ्यापुढे पाट मांडतात, त्यावर विळा, कोयता, कुऱ्हाड ठेवतात, आणि ज्या घरी पूर्वजांची तरवार अथवा भाल्याचे पाते उरले असेल त्या घरी त्यास तेल लावून, हळदकुंकू वाहून, झेंडूची माळ घालतात. क्वचित एखाद्या वाड्यात गंजलेली बंदुकीची नळीही दिसते. तिचा दस्ता केव्हाच किडीने खाल्लेला असतो, चाप नाहीसा झालेला असतो, आणि ही कोणाची, कोणी वापरली, कोणाच्या हुकुमाने वापरणे बंद झाले, असे मुलांनी विचारले तर वडील मंडळी गप्प बसतात. त्या मौनामागे एक दीर्घ इतिहास आहे. तो ज्ञातिबांधवांपुढे यथाशक्ति मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आपल्या पूर्वजांच्या शौर्याचे पोवाडे आपण दरवर्षी ऐकतो. ते ऐकावेत, परंतु केवळ पोवाड्यांनी इतिहास कळत नाही. ज्या हातांत एके काळी बंदूक असणे हे गावाच्या विश्वासाचे चिन्ह होते, त्याच हातांत ती दिसणे पुढे गुन्हा कसा ठरला, हे समजून घेतल्यावाचून आपणांस आपली आजची स्थितीही नीट कळणार नाही. म्हणून शौर्याइतकाच कायद्याचाही विचार येथे करावा लागेल.

नेमबाज बेरड

इसवी सन १७०५ मध्ये औरंगजेब बादशहाने आपल्या आयुष्यातील अखेरच्या ज्या वेढ्यास जातीने उभे राहून सुरुवात केली, तो वाकिनखेड्याचा वेढा होय. कृष्णा आणि भीमा या नद्यांच्या दुआबातील हा किल्ला बेरडांचा, आणि त्याचा धनी पिड्या नायक हाही बेरडच. बादशहाचे वय तेव्हा सत्त्याऐंशीव्या वर्षात होते. विजापूर आणि गोवळकोंडा ही दोन राज्ये ज्याने बुडविली, त्यास या एका नायकाच्या गढीपुढे फेब्रुवारीपासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत तळ देऊन राहावे लागले. धनाजी जाधवांची मराठी फौज बेरडांच्या साहाय्यास आली. अखेर किल्ला पडला, तथापि नायक हाती लागला नाही. पुढे त्याच्या घराण्याची गादी सुरपूर येथे दीडशे वर्षे नांदली.

या वेढ्याच्या वर्णनांत बेरडांची एक गोष्ट शत्रूनेही कबूल केलेली आहे, ती त्यांची नेमबाजी. त्या काळची बंदूक तोड्याची. नळीत दारू मोजून ओतावयाची, शिशाची गोळी वर टाकून गजाने ठासावयाची, कानाशी रंजक भरावयाची, आणि मग पेटता तोडा चापाने खाली आणून बार काढावयाचा. एक बार झाला की हे सर्व पुन्हा पहिल्यापासून. पावसात तोडा विझला तर बंदूक आणि काठी यांत भेद राहत नसे. अशा हत्याराने नेम साधावयाचा म्हणजे नुसते धाडस पुरत नाही. त्यास थंड डोके, स्थिर हात आणि वर्षानुवर्षांचा सराव लागतो. हा सराव बेरडांस रणांगणावर मिळालेला नव्हता. तो मिळाला होता माळावर आणि रानात, शिकारीत. रानडुकराच्या वाटेवर दबा धरून बसणे, वारा ओळखणे, एकाच बारात काम उरकणे, कारण दुसरा बार भरीपर्यंत जनावर थांबत नाही, ही त्यांची शाळा होती. शिकार ही त्यांची करमणूक नव्हे. ती पिकाची राखण होती, अन्न होते, आणि युद्धाची तालीमही होती. आज क्रीडा, शिकार आणि संरक्षण असे जे तीन निरनिराळे हेतु आपण मानतो, ते त्या काळी एकाच माणसाच्या एकाच दिवसात एकवटलेले असत.

राखणदाराचे हत्यार

घाटमाथ्यावरील रामोशी बांधवांची कथा याच कुळाची, पण तिचा बाज निराळा. बेरड नायकांस गढ्या आणि मुलूख होता. रामोश्यांस गाव होता. पुणे-सातारा प्रांतांत गावाची आणि डोंगरी किल्ल्यांची राखण हे त्यांचे वंशपरंपरागत काम. पुरंदरासारख्या किल्ल्याच्या पहाऱ्यावर रामोशी आणि कोळी पिढ्यान् पिढ्या राहिले. गावात रात्रीची गस्त घालणे, परका मनुष्य आला तर त्याची चौकशी ठेवणे, आणि चोरी झालीच तर चोराचा माग काढणे ही कर्तव्ये त्यांचीच असत. माग शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन दाखविला की जबाबदारी त्या गावच्या राखणदारावर जाई. माग लागला नाही तर भरपाईचा बोजा आपल्याच शिरावर येई. या कामाचा मोबदला म्हणून इनाम जमीन आणि गावकीतील हक्क मिळत.

या व्यवस्थेत हत्यार बाळगण्यास कोणाचा लेखी परवाना लागत नसे, कारण हत्यार हेच कामाचे साधन होते. परंतु त्यास अंकुश नव्हता असे मात्र कोणी समजू नये. अंकुश होता, तो गावाचा. ज्याने हत्याराचा गैरवापर केला त्याचे वतन जाई, हक्क तुटत, पंचांपुढे मान खाली घालावी लागे. येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. राखणदार आणि लुटारू यांच्यामधील रेषा त्या धामधुमीच्या काळात नेहमीच स्पष्ट नव्हती. हक्क थकले, राज्य दुबळे झाले, दुष्काळ पडला, की ज्याने राखावयाचे तोच लुटीस निघाल्याची उदाहरणे आहेत. आपण ती लपवू नयेत. मात्र रोगाचे कारण सांगावयाचे सोडून रोग्याची जातच रोगट होती असे म्हणणे, हा जो अन्याय पुढे झाला, तो समजण्यासाठीच ही कबुली आवश्यक आहे.

सन १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. नव्या सरकारास डोंगरी किल्ल्यांवर शिबंदी ठेवण्याचे प्रयोजन उरले नाही. किल्ले ओस पडले, पहारेकऱ्यांचे हक्क आणि जमिनी गेल्या. पुरंदर तालुक्यातील भिवडी येथे १७९१ मध्ये जन्मलेल्या उमाजी नाईकांचे बंड या जखमेतून निघाले. ते बंड अनेक वर्षे चालले. एकदा सरकारने माफी देऊन नाईकांस आपल्या नोकरीतही घेतले, म्हणजे राखणदार म्हणून त्यांची योग्यता शत्रूनेही मानली. पण तो समेट टिकला नाही. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुणे येथे उमाजी नाईकांस फाशी देण्यात आले. हे बंड लुटीसाठी झाले की हक्कासाठी, हा वाद कित्येक वर्षे चालला. ज्या इंग्रज अधिकाऱ्याने, कॅप्टन मॅकिंटॉशने, रामोश्यांचा वृत्तांत लिहिला, त्याच्याच लिखाणात गेलेल्या वतनांचा उल्लेख सापडतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

हलगली आणि कोडगू

इतके होऊनही १८५७ पर्यंत सामान्य माणसाने घरी हत्यार ठेवू नये असा सर्वसाधारण कायदा या देशात नव्हता. तो आला बंडाच्या भीतीने. १८५७ चा अठ्ठाविसावा कायदा हा हत्यारे आणि दारूगोळा यांवर नियंत्रण घालण्यासाठी झाला, आणि त्याच्या जोरावर दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटक या भागांतील संस्थानांतही प्रजेची हत्यारे जमा करण्याचे हुकूम सुटले.

मुधोळ संस्थानातील हलगली हे एक लहानसे गाव. तेथील बेरडांनी हत्यारे देण्यास नकार दिला. सरकारच्या नोंदीत हा नकार म्हणजे उद्दामपणा ठरला. पण त्यांच्या बाजूने पाहिले तर प्रश्न साधा होता. हत्यार गेले म्हणजे राखण गेली, राखण गेली म्हणजे हक्क गेला, आणि हक्क गेला म्हणजे गावातील जागा गेली. रायफल आणि तोफ बाळगणारे सरकार ठासणीच्या बंदुका मागत होते, त्या बंदुकांची धास्ती होती म्हणून नव्हे. त्या ज्यांच्या हाती होत्या त्यांची मान खाली घालावयाची होती म्हणून. नोव्हेंबर १८५७ च्या अखेरीस इंग्रजी फौज हलगलीवर चालून गेली. गावास आग लावण्यात आली, पुष्कळ लोक मारले गेले, शेकडो पकडले गेले. ११ डिसेंबर रोजी मुधोळ येथे तेरा जणांस आणि १४ डिसेंबर रोजी खुद्द हलगली येथे सहा जणांस फाशी देण्यात आले. जडग्या, बाळ्या ही त्यांतील नावे कन्नड लावणीने जिवंत ठेवली आहेत. ही लावणी पुढे फ्लीट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानेच मिळवून छापली. ज्या सरकारने फाशी दिली त्याच्याच नोकराने ते गाणे जपून ठेवावे, हा इतिहासाचा एक विलक्षण न्याय होय.

पुढच्याच वर्षी नरगुंदचे भास्करराव भावे आणि सुरपूरचे व्यंकटप्पा नायक यांनीही शस्त्र उचलले. नरगुंदकरांच्या असंतोषात दत्तकाची नामंजुरी हे मुख्य कारण असले, तरी तोफा आणि दारूगोळा यांवर सरकारने हात घातला हे दुःखही त्यात होते. १२ जून १८५८ रोजी त्यांस बेळगाव येथे फाशी झाली. सुरपूरचे बेरड संस्थान त्याच वर्षी बुडाले. अशा रीतीने ब्राह्मण संस्थानिक, बेरड राजा आणि हलगलीचे साधे गावकरी हे तिघेही एकाच वर्षाच्या आत शस्त्राच्या प्रश्नावर एका रांगेत येऊन उभे राहिले.

आता याच चित्राची दुसरी बाजू पाहा. हलगलीच्या दक्षिणेस, सह्याद्रीच्याच रांगेत, कोडगू प्रांत आहे. तेथील कोडव लोकही शिकारी, बंदूकबाज आणि शस्त्रपूजक. कैलपोळ्द या त्यांच्या सणात बंदुकीची पूजा होते. १८५७ च्या धामधुमीत ते सरकारशी एकनिष्ठ राहिले, म्हणून १८६१ मध्ये त्यांस निःशस्त्रीकरणाच्या कायद्यातून सूट देण्यात आली. ती सूट, कोडव आणि जम्मा जमीनधारक यांच्यासाठी, स्वतंत्र भारतातही चालू राहिली; २०१९ मध्ये केंद्र सरकारने तिची मुदत २०२९ पर्यंत वाढविली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. कोडव बांधवांविषयी आपल्या मनात असूया नाही. उलट, दीडशेहून अधिक वर्षे घरोघरी बंदूक असूनही त्यांनी समाज म्हणून आपली प्रतिष्ठा राखली, हे त्यांस भूषण आहे. परंतु एकच कायदा, एकच काळ, आणि जवळजवळ सारखेच दोन समाज. एकास सूट आणि दुसऱ्यास फास. यावरून हे सिद्ध होते की प्रश्न बंदुकीच्या धोक्याचा नव्हता. सरकार कोणावर विश्वास ठेवते, हा तो प्रश्न होता.

एका वर्षातील तीन कायदे

विश्वासाची ही मोजणी १८७८ मध्ये पक्की झाली. लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीत त्या एका वर्षी तीन कायदे झाले. देशी भाषांतील वृत्तपत्रांचा कायदा, हत्यारांचा कायदा आणि जंगलांचा कायदा. पहिल्याने लेखणी, दुसऱ्याने बंदूक आणि तिसऱ्याने रान सरकारच्या मुठीत गेले. पहिला कायदा लॉर्ड रिपन यांच्या काळात रद्द झाला. कारण लेखणीवाल्यांस बोलता येत होते. उरलेले दोन राहिले. त्या दोहोंचा भार ज्यांच्यावर पडला त्यांत आपला समाज होता. रान राखीव झाल्याने शिकार गेली, परवान्याच्या अटीने बंदूक गेली.

हत्यारांच्या कायद्यात विनापरवाना बंदूक बाळगल्यास तीन वर्षांपर्यंत आणि लपवून ठेवल्यास सात वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. पण त्याच कायद्याखालील नियमांनी युरोपीय, अँग्लो-इंडियन, संस्थानिक आणि मोठे किताबधारक यांस मोकळे ठेवले होते. साहेबाने माळावर जाऊन माळढोक आणि काळवीट मारावेत, त्यास परवान्याची गरज नाही. ज्याच्या ज्वारीत रानडुकरे शिरतात त्याने मात्र कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्यात, असा तो न्याय होता. वर्णावर आधारलेला हा भेद १९२० च्या सुमारास नियमांतून काढण्यात आला, परंतु परवाना देणारा हात आणि मागणारा हात यांच्यामधील अंतर तसेच राहिले.

१८७९ च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडके यांनी धामारी येथून बंडास आरंभ केला, तो या कायद्यानंतर वर्षाच्या आत. त्यांच्याबरोबर निघालेल्यांत रामोशी बांधव प्रमुख होते, आणि दौलतराव नाईक त्याच लढ्यात पडले. सुशिक्षित ब्राह्मण कारकुनाने आपले साथी म्हणून रामोश्यांची निवड करावी यात आश्चर्य नाही. दुष्काळाने दोघांचेही डोळे उघडले होते, आणि शस्त्र चालविण्याची विद्या ज्यांच्याजवळ उरली होती ते हेच लोक होते.

याच काळात दुसरा एक कायदा हळूहळू आपल्या दाराशी येत होता. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा प्रथम उत्तरेकडे लागू झाला आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यापर्यंत पोहोचला. जन्मावरून गुन्हेगार ठरविण्याची ही रीत. ज्या जमातींवर हा शिक्का बसला त्यांस हजेरी, परगावी जाण्यास पास, आणि काहींस तारेच्या कुंपणाची वसाहत. माग काढण्यात जे निष्णात, त्यांचाच माग आता पोलीस काढू लागले. मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो सर्व देशातून गेला. त्या दिवसापासून आपण ‘विमुक्त’ म्हणविले गेलो. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बेरड आणि रामोशी ही दोन्ही नावे आहेत. विमुक्त या शब्दाचा अर्थ सोडून दिलेला असा आहे. सोडले, परंतु विश्वास परत दिला काय, हा प्रश्न उरतोच.

राष्ट्राची मागणी आणि स्वराज्याचा कायदा

हत्यारांच्या कायद्याविरुद्ध केवळ आपणच बोललो असे नाही. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच त्याविषयी ठराव केला होता. अहिंसेचे व्रत घेतलेल्या महात्मा गांधींनीही साऱ्या राष्ट्रास निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राज्याच्या अत्यंत काळ्या कृत्यांपैकी एक मानला, आणि १९३० च्या जानेवारीत सरकारपुढे जे अकरा मुद्दे ठेवले, त्यांत लोकनियंत्रणाखाली आत्मसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत हा एक होता. १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत गणला गेला. वाचकांनी येथे सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. मागणी सर्वत्र मोकळ्या शस्त्रांची नव्हती. आम्ही विश्वासास पात्र आहो, हे सरकारने मान्य करावे, अशी ती मागणी होती.

स्वराज्य आल्यावर घटना समितीत हरि विष्णु कामथ यांनी हा हक्क घटनेत घालावा असे सुचविले. डिसेंबर १९४८ मध्ये त्यावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ती सूचना स्वीकारली नाही. कोणीही बाजारात जाऊन हवे ते हत्यार विकत घ्यावे अशी मोकळीक असेल तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सूचना नामंजूर झाली. आपल्यापैकी कोणास हे खटकत असेल, तर त्याने एवढाच विचार करावा की बंदूक मोकळी झाली असती तर ती प्रथम कोणाच्या घरी गेली असती? ज्याच्यापाशी पैसा, जमीन आणि माणसे, त्याच्याच घरी. ज्याचे घर गावाबाहेर, त्याच्या वाट्यास बंदुकीचे तोंड आले असते, दस्ता नव्हे.

१९५९ चा हत्यारांचा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला आणि १८७८ चा कायदा गेला. नव्या कायद्यात तीन हेतु स्पष्टपणे मान्य केलेले आहेत. संरक्षण अथवा क्रीडा यांसाठी वीस इंचांहून आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक, पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, आणि रायफल क्लबच्या सभासदास निशाणबाजीसाठी पॉइंट बावीस बोअरची रायफल. या कारणांसाठी पात्र नागरिकाने मागणी केल्यास परवाना द्यावा, आणि नाकारल्यास सर्वसाधारणपणे कारण लेखी सांगावे, असा नियम झाला. नकारावर अपिलाची सोय झाली. ज्या ठासणीच्या बंदुकीसाठी हलगली जळाली, तीच बंदूक पीक राखण्यासाठी मागण्याची वाट स्वराज्याच्या कायद्यात नमूद झाली, ही गोष्ट लहान नाही. कोकणातील आणि घाटाखालील कित्येक शेतकऱ्यांच्या घरी अशा परवान्याच्या बंदुका पिढ्यान् पिढ्या आहेत. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा करावयाच्या आणि मागाहून परत आणावयाच्या, हा क्रम त्यांच्या अंगवळणी पडला आहे.

शिकारीचा काळ संपला

शिकारीविषयी मात्र निराळे बोलले पाहिजे. मुंबई राज्याने १९५१ मध्येच वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. १९७२ मध्ये देशभराचा वन्यजीव कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीस जागा उरली नाही. आपल्यातील वृद्धांस हे कठोर वाटले. पूर्वज रानावर जगले, मग नातवांनी ससाही मारू नये काय, असा प्रश्न ते विचारीत. परंतु पूर्वजांचे रान आता राहिलेले नाही. सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले, तरी ते पक्षी तेथे दिसेनासे होत गेले. सुधारलेल्या बंदुका, जीपगाड्या आणि संस्थानी थाटाच्या शिकारींनी जनावरे संपविली. त्यात आपला वाटा थोडा असेल, पण तो नव्हताच असे म्हणता येणार नाही. एका बारावर भरवसा ठेवून बसणारा जुना शिकारी गाभण मादीवर बार टाकीत नसे असे आपण अभिमानाने सांगतो. त्या अभिमानास जागावयाचे तर आज बार न टाकणे हेच शिकाऱ्याच्या पोरास शोभते.

पिकाचा प्रश्न खरा आहे. रानडुकरांचा कळप एका रात्रीत भुईमुगाचे वावर उकरून टाकतो. यासाठी वन्यजीव कायद्यातच अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीची तरतूद आहे. बंदुकीचा परवाना असणे आणि जनावर मारण्याची परवानगी असणे या दोन भिन्न गोष्टी होत. एक असली म्हणजे दुसरी आपोआप मिळते, या गैरसमजापायी सरळमार्गी शेतकरीही खटल्यात सापडतो. आत्मसंरक्षणाचेही असेच. संकटात स्वतःचा जीव वाचविण्याचा हक्क भारतीय दंड संहितेत होता, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. तो हक्क हातात काठी असो वा काही नसो, प्रत्येकास आहे. तो असला म्हणजे विनापरवाना हत्यार बाळगण्याचा हक्क मिळतो असे मात्र नाही.

तरुणांस दोन शब्द

हा लेख लिहिण्यास प्रवृत्त करणारी खरी गोष्ट आता सांगतो. अलीकडे जयंतीच्या मिरवणुकींत आणि मोबाइलवरील छायाचित्रांत आपल्या काही तरुणांच्या हाती गावठी कट्टे दिसतात. मागे उमाजी नाईकांची तसबीर असते. त्यांस वाटते की आपण नाईकांचा वारसा चालवितो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साध्या बंदुकीसाठीही दोन ते पाच वर्षांची कैद आहे, आणि आनंदाच्या भरात हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा स्वतंत्र गुन्हा झाला आहे. परंतु मी कायद्याची भीती घालीत नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. उमाजी नाईकांच्या हातातील हत्यार हे गेलेल्या राखणीचे, म्हणजे जबाबदारीचे, हत्यार होते. कट्ट्यास जबाबदारी नाही, नेम नाही, आणि बहुधा मालकाच्याच हातात फुटण्याचा गुण मात्र आहे. ज्या शिक्क्यातून सुटण्यास आपल्या आजोबांची हयात गेली, तो शिक्का एका छायाचित्रासाठी पोलिसांच्या दप्तरात पुन्हा स्वहस्ते उमटवून घेणे, यास वारसा म्हणत नाहीत. आजही कोठे चोरी झाली की प्रथम आपल्या वस्तीवर येण्याची सवय पुरती गेलेली नाही, हे आपण जाणतो. ती सवय मोडावयाची आहे, पोसावयाची नाही.

नेमबाजीची ओढ रक्तात आहे असे ज्यास वाटते, त्यास आज मोकळे मैदान आहे. राष्ट्रीय रायफल असोसिएशनची स्थापना १९५१ मध्ये झाली; लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे तिच्या उभारणीत अग्रेसर होते, आणि त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नव्या नेमबाजांची पहिली पायरी समजली जाते. प्रारंभी हा खेळ संस्थानिकांचा होता. १९६२ मध्ये जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळविणारे करणीसिंह हे बिकानेरचे महाराज होते. परंतु २०१० मध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत म्युनिक येथे जगज्जेत्या झाल्या, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक पटकाविणारे स्वप्निल कुसाळे हे राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे, शिक्षकाचे पुत्र, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी करीत असलेले. राजवाड्यातला खेळ खेड्यात आला. पॉइंट एकशे सत्त्याहत्तर बोअरच्या, ठरावीक मर्यादेतील शक्तीच्या हवेच्या रायफलीस परवानाही लागत नाही. आपल्या मंडळाने वसतिगृहातील विद्यार्थ्यांसाठी अशा एक-दोन रायफली आणि एक जाणता शिक्षक यांची सोय केली, तर मिरवणुकीवर होणाऱ्या खर्चाच्या मानाने तो खर्च काही मोठा नव्हे.

एवढेच नव्हे, आणखी एक काम आपण हाती घ्यावे. ज्यांच्या घरी जुनी हत्यारे आहेत, त्यांनी ती कायदेशीर आहेत की नाहीत याची खातरजमा जाणत्या वकिलाकडून करून घ्यावी. त्यांची छायाचित्रे आणि त्यांविषयीच्या आठवणी मंडळाकडे लिहून पाठवाव्यात. राखणीच्या सनदा, इनामाचे कागद, हजेरीचे पास, जे मिळेल ते जपावे. लावणीने हलगलीची नावे राखली. आपल्या गावोगावच्या राखणदारांची नावे राखण्यास लावणी नाही, तेव्हा कागदच हवा.

हत्यार गेल्याचे दुःख फार काळ करण्यात अर्थ नाही. तोड्याच्या बंदुकीचा काळ गेला, तो परत यावा असेही कोणी म्हणणार नाही. गेले ते खरे तर हत्यार नव्हे, त्याच्यामागे उभा असलेला गावाचा विश्वास गेला. गाव निर्धास्त झोपे, कारण वेशीवर आपला माणूस जागा असे. तो विश्वास कोणत्याही कचेरीतून परवान्याच्या रूपाने मिळत नाही; तो दररोजच्या वागणुकीने मिळवावा लागतो आणि मिळाल्यावर राखावा लागतो. राखण करणे हा तर आपला पिढीजात धर्म. येत्या खंडेनवमीस देव्हाऱ्यापुढील गंजक्या नळीला माळ घालताना मुलाने प्रश्न केलाच, तर आता वडिलांनी गप्प बसू नये; त्यास जवळ बसवून ही सर्व हकीकत, आपल्या चुकांसह, सांगावी, एवढी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.